दाराबाहेरचा ‘मी’

१२ नोव्हेंबर

धाकट्या,

आशीर्वाद शेवटी, कागद उरला तर. आधी काम.

आईचे डोळे चाललेत. डॉक्टर म्हणाला, डोळ्याच्या मागे पडदा असतो तो झिजलाय. त्याला ऑपरेशन नाही, थेंब नाहीत. थंडी संपेस्तोवर उजेड आणि अंधार एवढंच कळेल. मी विचारलं, आणि माणसं? म्हणाला, माणसं आवाजावरून. मी बरं म्हटलं आणि आईला हाताला धरून घरी आणलं. वाटेत ती म्हणाली, "म्हणजे धाकट्याला बघायचं तर आत्ताच." एवढंच. मग रस्ता किती खणून ठेवलाय त्यावर बोलायला लागली.

म्हणून लिहितेय. तू माझा फोन उचलत नाहीस. पत्र उचलावं लागत नाही, दाराखालून येऊन पडतं. ये. आईला तुझं तोंड बघायचंय.

ताकाला जाऊन भांडं लपवायची मला सवय नाही, म्हणून भांडणाचंही सांगून टाकते. तुझं पुस्तक मी वाचलं नव्हतं. लोक लाँड्रीत येऊन सांगायला लागले, त्यात तुमचा जिना आहे, तुमची खालची मावशी आहे, तिला जिवे मारणारा, दारोदार फिरून चष्मे विकणारा तो चष्मेवाला आहे, आणि तो म्हणे फार भारी दाखवलाय. माझं डोकं फिरलं. मावशी सख्खी नव्हती, पण सख्खीने केलं नसतं तेवढं तिने आपल्यासाठी केलं. मी तुला फोनवर म्हटलं, त्याने तिला एकदा मारलं, तू पानोपानी मारतोयस. म्हटलं ते म्हटलं. आता परत घेता येत नाही, धुतलेलं पाणी आहे ते.

पण आता वाचतेय. आईच म्हणाली, वाचून दाखव. इस्त्रीवालीकडे प्रत होती, पार चुरगळलेली. दुपारी चादरी वाळत घातल्या की आम्ही तिघी मागच्या खोलीत बसतो. मला भरभर वाचता येत नाही हे तुला माहीत आहे, बोट ठेवून वाचते. आईला घाई नाही. चादरींमधून ऊन येतं, तिला तेवढं दिसतं. परवा एका ओल्या चादरीकडे बघून म्हणाली, "या, बसा." मी म्हटलं, अगं कुणी नाहीये. म्हणाली, "नसू दे. बसायला सांगितलं तर काय बिघडलं?"

ये लवकर.

ताई


२७ नोव्हेंबर

धाकट्या,

तुझी चार ओळींची चिठ्ठी मिळाली. तुला सिनेमावाल्यांचं काम आहे, फेब्रुवारीत बघतो म्हणतोस. आईचे डोळे तुझी तारीख बघून चालत नाहीत. असो.

अर्धं पुस्तक झालं. वाचलेलं सांगते, राग आला तर येऊ दे.

तुझा तो डोळ्यांचा डॉक्टर. उंच, पांढरे हातमोजे, सात भाषा. पियानो काय वाजवतो, बायकांचे जन्मदिवस जुळवून कोण मरणार ते काय ठरवतो. आणि दाराबाहेरून मेलेल्या नवऱ्यांचे आवाज काढतो! इस्त्रीवाली तर वेडीच झालीय. म्हणते, "ताई, असा माणूस आला तर मी दार उघडीनच. मेले तरी चालेल, घरचा तर घोरतो नुसता." मी म्हटलं, इस्त्री बघ, कॉलर जळतेय. खरंच जळली होती. गिऱ्हाइकाला सांगितलं, जुना डाग आहे.

आई ऐकत होती. म्हणाली, "हा कोण?"

मी म्हटलं, चष्मेवाला.

"हा नव्हे."

आणि खरंच नव्हे रे. तू तर त्याला घरात बसून बोलताना बघितलंयस. तपकिरी स्वेटर, कोपरावर उसवलेला. कायम सर्दी. टाचेच्या भेगांचं गाऱ्हाणं सांगायला लागला की माणूस भिंतीला टेकून झोपायचा. चष्म्याच्या काड्या वाकवायला त्याला वाफ लागायची म्हणून माझ्याकडे लाँड्रीत यायचा. हंड्यापाशी उभा राहिला की वाफेत त्याचं तोंड दिसेनासं व्हायचं, नुसता स्वेटर उभा. बाहेर आला की पुन्हा तेच तोंड, आणि तेसुद्धा लक्षात राहायचं नाही. पोलिसांनी विचारलं, दिसायला कसा? अख्ख्या जिन्यातल्या कुणाला सांगता आलं नाही. सगळ्यांनी स्वेटर सांगितला.

आवाजबिवाज त्याला कुठला काढता यायला. दार वाजवायचा. आतून "कोण?" आलं की म्हणायचा, "मी." झालं. एवढीच त्याची विद्या. आपण सगळे तेच म्हणायचो ना? तू छापखान्यातून यायचास, "कोण?" "मी." मावशी वाटी परत करायला यायची, "कोण?" "मी गं." ‘मी’ म्हटलं की घरचंच कुणीतरी. ‘मी’ म्हणणाऱ्याला आणखी विचारणं म्हणजे अपमान वाटायचा. तेवढ्यावर त्याने चार दारं उघडून घेतली, आपल्या मावशीचं धरून.

आणि पकडला कसा गेला? तुझ्या पुस्तकात कुणी हुशार अधिकारी नकाशात सुया टोचत बसलाय. खरं म्हणजे त्या पलीकडच्या गल्लीतल्या म्हातारीकडे तिचा सुतार भाचा तापाने पडलेला होता. दार वाजलं, त्याने आतून कोण विचारलं, हा म्हणाला मी. तापाने चिडलेला माणूस तो, ओरडला, "मी म्हणजे कोण?" तोवर हे कुणी विचारलंच नव्हतं.  हा पळाला, जिन्यात घसरला, चष्म्यांची पेटी उघडली, त्यात मावशीचं घड्याळ.

हे का नाही लिहिलंस? की हे फारच साधं पडतं?

आईने विचारलंय, जेवणखाण वेळेवर होतं का. मी विचारलेलं नाही.

ताई


१४ डिसेंबर

धाकट्या,

या वेळी मोठं पत्र लिहिलंस. आईला दोनदा वाचून दाखवलं. तू लिहितोस, असल्या पुस्तकातला दुष्ट माणूस असाच बनवतात. एका खऱ्या खुन्याची युक्ती घ्यायची, दुसऱ्याचा चेहरा, तिसऱ्याचं लहानपण, आणि वरून हुशारी आपल्या पदरची. खरे बहुतेक कंटाळवाणे असतात, वाचणाऱ्याला कंटाळवाणा खुनी नको असतो. म्हणजे आमच्याकडे गठ्ठे बदलतात तसंच की. याचा शर्ट, त्याची पँट, तिसऱ्याचा कोट, आणि चौथाच माणूस नटून लग्नाला. चालतं म्हण. पण इस्त्रीवालीची पोरगी परवा सांगत होती, वाईट माणूस लगेच ओळखू येतो, त्याची नजर गार असते. हे तिला तुझ्यासारख्यांनीच शिकवलं ना? उद्या एखादा शिंकत आला तर ती त्याला रुमाल देईल.

असो. आई ज्या भागावर हसली तो सांगते.

तुझा डॉक्टर वरच्या मजल्यावरच्या विधवेच्या, म्हणजे आपल्या आईच्याच, डोळ्यात बघतो, त्याला स्वतःची आई आठवते, आणि तो तिला सोडून देतो. तिथे इस्त्रीवालीने डोळे पुसले. आई म्हणाली, "डोळ्यात कुठला बघतोय मेला? त्याने माझा नंबर बघितला."

मग तिने सांगितलं. तुला हे माहीत नसेल, मलाही अर्धंच माहीत होतं. चष्मेवाला घरात आला की माप घ्यायचा आणि सहज विचारायचा, "आणखी कुणाचे चष्मे आहेत का घरात?" बस्स. जी म्हणाली माझा एकटीचाच, तिचं दार पुढे कधीतरी वाजायचं. आईला काय तेव्हा हे ठाऊक होतं? तिने विचार केला, बोलावलाच आहे तर दोन कामं होऊन जाऊ देत. कपाटातून बाबांचा चष्मा काढला. बाबा जाऊन तेव्हा किती वर्षं झाली होती! म्हणाली, "यांच्या काड्या सैल झाल्यात, तेवढ्या घट्ट करा. ते कामावर गेलेत, येतील संध्याकाळी." परक्या माणसाला नवरा गेला म्हणून कशाला सांगायचं, असं तिचं. त्याने काड्या घट्ट केल्या. पुसून परत दिला. आणि एकटी बाई समजून पुन्हा आपल्या दाराशी कधी आला नाही.

"तुझ्या बाबांनी जिवंतपणी काही केलं नाही," आई म्हणाली, "पण मेल्यावर वेळेवर आले."

आम्ही तिघी इतक्या हसलो की वाळलेल्या चादरी खाली आल्या. परत धुवाव्या लागल्या.

आणि गंमत म्हणजे आईच्या नाकावर अजून त्याचीच फ्रेम आहे. काचा बदलल्या, फ्रेम तीच. पोलीस मागायला आले तेव्हा हिने हरवली म्हणून सांगितलं. मी म्हटलं होतं, आई, खुन्याच्या हातची गं ती. म्हणाली, "असेल. नाकावर बसते तर नीट."

बाकी, तिला आता माझं तोंड मधोमध दिसत नाही. कडेने दिसतं. बोलताना ती माझ्या कानाच्या बाजूला बघते. फेब्रुवारी लांब आहे.

ताई


५ जानेवारी

धाकट्या,

पुस्तक संपलं. डॉक्टर कड्यावरून उडी मारतो आणि प्रेत सापडत नाही. इस्त्रीवाली खूश. म्हणजे परत येणार.

आईचं एक अडलंय. ती म्हणते, "जिन्यातला तो छत्रीवाला मुलगा कुठे गेला?"

मला आठवेना. पानं उलटून शोधलं. आहे खरा. सुरुवातीला. बावीस-तेवीसचा तरुण, काळी छत्री, बोटांना शाई. डॉक्टर त्याला जिन्यात गाठतो आणि विचारतो, किती वाजले? तो वेळ सांगतो. डॉक्टर खाली जातो. मुलगा छत्री मिटून तिथेच उभा राहतो. तू त्याच्यावर दोन पानं खर्च केलीस, छत्रीतून पाणी कसं ठिबकतं, पायरीवर थारोळं कसं होतं. आणि पुढे तो नाहीच. कुणी त्याला घरी पाठवत नाही, कुणी जेवायला बोलवत नाही. पुस्तक संपलं तरी तो पायरीवरच.

आई म्हणते, "त्याला तिथून हलव म्हणावं. थंडी आहे."

हलव बाबा. मलाही आता तो दिसायला लागलाय. मला स्वप्नं पडत नाहीत, वेळ नसतो. पण परवा दुपारी हंड्याशेजारी डुलकी लागली तेव्हा आपला जिना दिसला. प्रत्येक मजल्यावर चादरी वाळत टाकलेल्या, भिंतीच नाहीत, नुसत्या चादरी. मी चढतेय आणि जिना खाली खाली जातोय. आतून कुणीतरी विचारतंय, कोण? आणि चादरीमागून आवाज येतो, मी. मला वाटलं, तो. चादर बाजूला केली तर आई. पुढच्या मजल्यावर परत, कोण? मी. तिथे माझाच आवाज. त्याच्या वरती तुझा. तुझ्या छत्रीतून पाणी नाही, वाफ येत होती, आणि तू म्हणत होतास, ताई, मी नुसती वेळ सांगितली.

जाग आली, पाणी प्यायले, कामाला लागले. स्वप्नाचं काय घेऊन बसायचं.

पण सांग, पुढे काय झालं त्याचं?

ताई


२४ जानेवारी

धाकट्या,

गप्प झालास. चादरीवरून, फ्रेमवरून, कॉलर जळली त्यावरून लिहिलंस, छत्रीवाल्याचं विचारलं तसा गप्प. तेव्हा कळलं मला, तो छत्रीवाला पोरगा तूच. मी शिकले नाही, पण एवढी मठ्ठही नाही.

चष्मेवाल्याने तुला वेळ विचारली नव्हती. विचारलं असेल, खाली कोण राहतं. आणि तू म्हणाला असशील, मावशी, एकटीच असते, तिचाही चष्मा बघा.

मला माहीत आहे रे. तेव्हापासून माहीत आहे. मावशी चादर न्यायला आली तेव्हा हसत म्हणाली होती, "तुझ्या भावाने पाठवला हो तो चष्मेवाला. एकट्या बाईकडे आधी जा म्हणाला. गुणाचं पोर आहे." मग ते सगळं झालं. तू छापखाना सोडलास, गाव सोडलंस, मला वाटलं नोकरीसाठी. मी कधी विषय काढला नाही, कारण त्यात काढण्यासारखं काय आहे तेच मला कळत नव्हतं. शेजारणीची सोय बघितलीस. चांगल्या घरातलं पोर दुसरं काय करतं? मला वाटायचं, मला माहीत आहे हे तुलाही माहीत असेल. आता वाटतं, तुला माहीतच नव्हतं, आणि माझ्या गप्प बसण्याचा तू भलताच अर्थ लावलास. तसं असेल तर डोक्यातून काढून टाक.

आता तुझ्या डॉक्टरचंही कळलं मला. सात भाषा काय, पियानो काय, जन्मदिवस जुळवणं काय. तो एवढा हुशार असला की त्याला सगळं आधीच ठाऊक. मग जिन्यातल्या पोराने काय सांगितलं याला किंमत राहत नाही. लोकांना हवा म्हणून नाही केलास तू त्याला हुशार. तुला हवा होता. हो ना?

पण तो नव्हता रे हुशार. तो विचारायचा आणि आपण सांगायचो. सगळा जिना सांगायचा. दूधवाला सांगायचा. मावशी स्वतः सांगायची, आल्यागेल्याला, "माझं काय, मी एकटी जीव." त्याची युक्ती म्हणजे आपला सगळ्यांचा चांगुलपणा होता. तो त्याच्या पेटीत नव्हता, आपल्याच तोंडात होता. म्हणून काय तोंडं शिवून घ्यायची?

हे लिहून झाल्यावर आईला वाचून दाखवलं. तिच्यापासून काय लपवायचं.  मी नुकतीच काढलेली गरम चादर तिच्या मांडीवर टाकली, तिला आवडते. तिच्यावरून हात फिरवत बसली. मग म्हणाली, "मोठी कोण? मी का तो?"

मी म्हटलं, तू.

"मग लिही त्याला. चष्मेवाल्याने आधी मला विचारलं होतं. माप घेताना. मी सांगितलं, खालची एकटी असते, तिच्याकडे बघा जरा. धाकट्याने नंतर काय नवीन सांगितलं? उगाच माझ्या आधी रांगेत उभा राहतोय."

धाकट्या, हे खरं की खोटं मला माहीत नाही. आईला मी आयुष्यात पुष्कळ उलटं विचारलंय. हे विचारणार नाही. तूही विचारू नकोस.

ताई


९ फेब्रुवारी

धाकट्या,

कार्ड मिळालं. "शनिवारी येतो." बाकी कोरं. एवढ्यासाठी तिकीट लावलंस. बरं केलंस.

काही गोष्टी आधीच सांगून ठेवते, दारात उभं राहून रडारड नको. उशीर झालाय. आईला आता तुझं तोंड दिसणार नाही. खिडकी कुठे आहे ते कळतं, दिवा लावला की कळतं, मी समोरून गेले तर म्हणते, ढग गेला. दुःख करत नाही. दिवसभर त्या उजेडात बसलेली असते, कधी बाबांशी बोलते, कधी मावशीशी, कधी वाळत्या चादरींना बसायला सांगते. चष्मा मात्र घालते. मी म्हटलं, आता कशाला? म्हणाली, "नाकाला गार वाटतं नाहीतर."

तर हे मनात धरून ये, आणि तिच्यासमोर "आधी यायला हवं होतं" वगैरे सुरू करू नकोस. ती म्हणेल, मग आता परत जातोस का?

इस्त्रीवाली तुझी सही मागणार आहे. दे मुकाट्याने. आणि पुढच्या भागात डॉक्टर परत येतो का असं विचारेल. तिला सांग, येतो, पण सर्दी झालेली असते.

आता दाराचं. तू गेल्यापासून आपल्या घरात एक नियम आहे. दार वाजलं आणि आतून कोण विचारलं, तर नुसतं "मी" म्हणायचं नाही. कुणीही असो. लाँड्रीवाली ताई, दूधवाला, इस्त्रीवाली, जे असेल ते पूर्ण बोलायचं. मी स्वतः रोज माझ्याच घराबाहेर उभी राहून ओरडते, "तुझी थोरली!" शेजारचे हसतात. नियम आईचाच. चष्मेवाल्याची युक्ती कळली त्या दिवशी तिने साखळी बसवून घेतली आणि सांगितलं, या दारात ‘मी’ला जागा नाही.

म्हणून मी काल तिला म्हटलं, धाकट्याला कळवते, "तुझा धाकटा" म्हण म्हणून. त्याला नियम माहीत नाही, बिचारा मी मी करत उभा राहील जिन्यात.

तर म्हणाली, "नको. त्याला मी म्हणू दे."

मी म्हटलं, अगं, नियम तुझाच.

"माझाच ना? मग मोडीन. त्याला नुसतं मी म्हणायला सांग. किती वर्षांत ऐकलं नाही कुणाचं."

"आणि आवाज बदललेला असला तर? नाही ओळखलास तर?"

ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. उजेड सगळा चष्म्यावर.

"नाही ओळखला तर नाही ओळखला," म्हणाली. "पोरगा जिन्यात उभा आहे. आधी आत तर घेऊ."

साखळी काढून ठेवलीय. ये.

ताई